पाठ फिरवायचा नियम

समोरचा माणूस पासवर्ड टाइप करायला लागला की मी आजही पाठ फिरवते. बँकेत फिरवते, झेरॉक्सच्या दुकानात फिरवते, घरी नवरा मोबाईल उघडत असला तरी फिरवते. तो आधी हसायचा, आता त्यालाही सवय झाली आहे. ही सवय मला होनगेकर आक्कांनी लावली. बेळगावच्या आमच्या कॉलेजात जिन्याखाली संगणक कक्षाची खोली होती. तिथं बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापासून मी विद्यार्थी सहाय्यक म्हणून रोज दोन तास काम करायची. काम म्हणजे प्राध्यापकांच्या अडचणी सोडवणं. कुणाचा प्रोजेक्टर निळा पडदा दाखवून थांबायचा, कुणाचा प्रिंटर कागद गिळून बसायचा, कुणी घरी टाइप केलेलं मराठी कॉलेजच्या मशीनवर उघडलं की नुसत्या चौकोनी पेट्या दिसायच्या. फोन यायचा, आक्का नाव लिहून घ्यायच्या आणि आमच्यातल्या दोघांना पाठवायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला मशीनविषयी काहीच विचारलं नाही. स्वतः कीबोर्डसमोर बसल्या, मला शेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, "मी आता पासवर्ड घालते. तू काय करशील?"

मी मान बाजूला केली.

"मान न्हाय. पाठ."

मी पाठ फिरवली.

"दोन पावलं मागं जा. आता भिंतीवरचं कॅलेंडर वाच. मोठ्यानं."

मी वार आणि तिथी वाचायला लागले. संकष्टीपर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला, "हां. आता सर म्हणतील, अगं बघ की, त्यात काय एवढं, मीच सांगतो, लिहून घे. तवा काय करशील?"

"नको म्हणीन."

"सरांना नको म्हणशील? तुझ्यानं व्हईल?"

मी कॅलेंडराकडंच बघत राहिले.

"व्हायचं न्हाय. कुणाच्यानं होत न्हाय. त्यापेक्षा म्हणायचं, सर, आक्का मला काढून टाकतील. सगळं माझ्यावर ढकलायचं. त्यासाठीच मी इथं बसलोय."

होनगेकर आक्का तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. कॉलेजच्या कागदांवर त्यांचं पद काहीतरी लांबलचक होतं, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत. अंगानं मोठ्या, साडी नेहमी पिनांनी घट्ट बसवलेली आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण दिवसातून चारदा शिडीवर चढावं लागे. चष्म्याच्या घरात चष्म्याऐवजी लहान स्क्रूड्रायव्हर असत आणि चष्मा केसांत. बेळगावातल्याच शहापुरात भावाच्या घरी राहत. भावाचे साड्यांचे माग होते. लहानपणापासून मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे आक्कांचा साधा आवाजही जिन्याच्या वरच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'बसलोय', 'बोललो' असंच म्हणतात, आक्काही तसंच बोलत. फोनवर त्या "आय्तु" म्हणाल्या, म्हणजे कानडीत झालं म्हणाल्या, की वरच्या व्हरांड्यातल्या पोरांनाही कळायचं, कुणाचं तरी काम झालं.

त्यांची एक वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची. तिच्यात आमच्यासाठी नियम लिहिलेले होते. छापलेले नव्हते, कुणी मंजूर केलेले नव्हते, पण नव्या पोराला ते तीन दिवस वाचावे लागत. कुठल्याही खोलीत एकट्यानं जायचं नाही. मशीनला हात लावण्याआधी वेळ लिहायची, निघताना पुन्हा लिहायची आणि सरांची सही घ्यायची. जी फाईल दाखवली तीच बघायची, शेजारची नाही. आपल्या वर्गाला शिकवणाऱ्यांच्या मशीनकडे आपण जायचं नाही. सर उठून बाहेर गेले तर आपणही बाहेर जाऊन व्हरांड्यात उभं राहायचं. प्राध्यापकांच्या घरी जायचं नाही. मार्क भरून द्यायचे नाहीत, एकही नाही. आपली परीक्षा असेल त्या आठवड्यात खोलीकडे फिरकायचं नाही.

हे नियम त्या कसोशीने पाळून घेत. एकदा इंग्रजीच्या मॅडमनी माझ्या कामातल्या जोडीदाराला, महेशला, रविवारी घरी बोलावलं. त्यांच्या मुलाचा लॅपटॉप चालत नव्हता. महेश बी.एस्सी.चा, खानापूरकडच्या गावचा, नाही म्हणायची त्याला लाजच वाटायची. तो हो म्हणून आला. आक्कांनी लगेच फोन लावला.

"मॅडम, पोरगं येणार न्हाय. लॅपटॉप हिकडं पाठवा, मी बघते."

पलीकडून मॅडम काहीतरी म्हणाल्या.

"दहा मिनटाचंच असतंय मॅडम. पण तिथं तुमचं काही हरवलं, तर तुम्हाला आधी कुणाची आठवण येईल? रागवू नका. मी तुम्हाला वाईट म्हणालोय असं न्हाय."

मॅडम रागावल्याच. महिनाभर त्यांनी आमच्या खोलीत फोन केला नाही. आक्कांना त्याचं काही वाटलं नाही. महेशला मात्र त्यांनी समोर बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "तू चांगला हाईस म्हणून सांगते. चांगल्या पोरांवरच सगळे आपलं काम टाकतात. आणि काही इस्कटलं की बोट दाखवायला तीच पोरं हाताशी असतात."

माणसांची नावं आक्का कधी विसरत नसत. चार वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या पोराचं नाव, गाव, कुठला प्रिंटर त्यानं दुरुस्त केला होता, सगळं लक्षात. पण शिडीवर चढून वायर ओढत असताना, लक्ष दुसरीकडे असताना, त्या कधीकधी महेशला म्हणत, "दीपक, शिडी धर रं." महेश शिडी धरायचा. आक्कांना आपण काय बोललो ते कळायचं की नाही, आम्हाला समजत नसे. एकदाच मी पाहिलं की असं म्हटल्यावर त्या वरच थांबल्या, हातातली वायर तशीच, आणि खाली न बघता म्हणाल्या, "महेश हाय न्हवं खाली?" महेश म्हणाला, "हाय आक्का." मग त्या काम करायला लागल्या.

आणि तो फोन. कॉलेजात नवी टेलिफोनची यंत्रणा आली, सगळ्या खोल्यांना नवे आकडे मिळाले. आक्कांनी मात्र संगणक कक्षाचा जुना नंबर सोडला नाही. फॅक्ससाठी लागतो म्हणून प्राचार्यांना लिहून दिलं. आमच्याकडे फॅक्सचं यंत्र होतं, पण त्यावर कॅलेंडरं ठेवलेली असत. त्या जुन्या फोनवर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, बहुतेक सकाळी अकराच्या सुमारास, एक फोन यायचा आणि पलीकडून कुणी बोलायचं नाही. एकदा तो मी उचलला. दोनदा हॅलो म्हणून ठेवणार, तेवढ्यात आक्का आल्या आणि माझ्या हातातून रिसीव्हर जवळजवळ हिसकावून घेतला.

"बोल," त्या म्हणाल्या. मग आवाज इतका खाली आला की शेजारी उभी असून मला जेमतेम ऐकू आलं. त्यांचा तसा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "मी हाय. आक्काच बोलालोय. तू बोल, न्हायतर बोलू नगोस, पण ठेवू नगोस."

फोन कितीतरी वेळ तसाच चालू राहिला. पलीकडं गाड्यांचा आवाज होता, एवढं मला आधी ऐकू आलं होतं. शेवटी तिकडूनच बंद झाला. आक्कांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, तो नीट बसला का ते दाबून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ग्रंथालयातनं फोन आलता मघाशी, कोण गेलं काय?"

त्या दिवशी मी शिवाप्पाला विचारलं. शिवाप्पा जुना शिपाई, मातृभाषा कानडी, पण आमच्याशी मराठीतच बोलायचा. तो म्हणाला, "दीपक म्हणून एक पोरगा होता. निपाणीचा. लई शाणा. तुमच्यासारखंच काम करायचा. त्याला काढलं." कशासाठी, म्हटल्यावर त्यानं इकडं तिकडं बघितलं. "मार्क बदलले म्हणून. मी काय बघितलं न्हाय. ह्या खोलीत तवापास्नं नियम आले बघ. आधी काय नव्हतं. आधी सगळे सर त्या पोराला घरच्यासारखं वागवायचे."

पुढचं मला दुसऱ्या कुणाकडून नाही, आक्कांच्या तोंडूनच कळलं आणि ते कळण्याचा प्रसंग विसरावा असा नव्हता.

मी तिसऱ्या वर्षाला असताना बी.ए.च्या अर्थशास्त्राचा पूर्वपरीक्षेचा पेपर आदल्या दिवशी मुलांच्या मोबाईलवर फिरला. विभागप्रमुख सर कॉलेजचे उपप्राचार्यही होते. त्यांनी सांगितलं की मंगळवारी संगणक कक्षातला महेश त्यांच्या मशीनवर बसला होता, पेपर त्याच मशीनमध्ये होता आणि महेशचा राहत्या खोलीतला सोबती अर्थशास्त्राला आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खरं असंही होतं की मंगळवारी मी महेशबरोबर होते. सर मध्येच चहाला म्हणून उठून गेले, तेव्हा आम्ही दोघं नियमाप्रमाणे बाहेर येऊन व्हरांड्यात उभे राहिलो होतो आणि ते परत आल्यावरच आत गेलो. पण वेळेच्या वहीत त्यांची सही नव्हती. "नंतर करतो," म्हणाले होते. आणि आता ते म्हणत होते की आपण खोलीतून हललोच नव्हतो, फक्त फोनवर बोलत खिडकीपाशी होतो.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी कडोलीला घरी बाबांनी मला समोर बसवलं. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून. शेतीही होती, पण ते जगाकडं कचेरीच्या खिडकीतूनच बघायचे. म्हणाले, "हे बघ, त्यो उपप्राचार्य हाय. तुझं वर्ष ऱ्हायलंय. तू कुणाच्या इरोधात बोलू नगोस आन् कुणाच्या बाजूनं पण बोलू नगोस. आठवत न्हाय म्हण. आठवत न्हाय म्हटल्यावर कोण काय करतंय?" मला ते पटलं, असं आज लिहायला लाज वाटते. पण पटलं होतं. रात्रभर मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं.

प्राचार्यांच्या खोलीत सकाळी साडेअकराला बसलो. प्राचार्य, उपप्राचार्य सर, दोन ज्येष्ठ प्राध्यापक, कोपऱ्यात आक्का, आणि आम्ही दोघं उभे. महेशला आधी विचारलं. तो जे झालं ते बोलला, पण अडखळत, आणि अडखळणारा माणूस खोटा वाटतो. मग प्राचार्य माझ्याकडं वळले.

"वैशाली, मंगळवारी तू ह्याच्याबरोबर होतीस?"

"होय सर."

"सर खोलीतून बाहेर गेले होते का?"

मी उपप्राचार्यांकडं पाहिलं. ते रागावलेले नव्हते, उलट माझ्याकडं जरा मायेनंच बघत होते, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"सर, मला नीट..."

"थांब," आक्का म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. बुटांच्या आवाजानं सगळ्यांनी तिकडं पाहिलं.

"सर, हिचं उत्तर लिहून घ्यायच्या आधी माझं एक जुनं उत्तर दुरुस्त करून घ्या. नऊ वर्षांमागचं. ह्याच खोलीत दिलतं."

प्राचार्य नवे होते, त्यांना काही कळलं नाही. ज्येष्ठांपैकी एकजण म्हणाले, "आक्का, आत्ता कशाला?"

"आत्ताच सर. मागनं मला जमायचं न्हाय."

आणि त्या बोलल्या, फोनवर ऐकला होता त्या खालच्या आवाजात. नऊ वर्षांपूर्वी त्या हंगामी होत्या, दर वर्षी नेमणुकीचं पत्र यायची वाट बघत. दीपक त्यांच्या हाताखाली काम करायचा. सगळे प्राध्यापक त्याला पासवर्ड सांगत, अंतर्गत परीक्षेचे मार्कही त्यालाच भरायला लावत. तो ते सगळं एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा. एका वर्षी एका वजनदार प्राध्यापकांच्या यादीतले काही मार्क बदललेले निघाले. प्राध्यापक म्हणाले, मी पासवर्ड कुणालाही दिलेला नाही, ह्या पोरानं चोरला.

"त्यांनी पासवर्ड दिला तवा मी तिथंच होतो सर. माझ्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी तो सांगितला, आन् दीपकला पेन सापडंना तर माझं पेन मी दिलं. चौकशीत मला विचारलं, तुमच्यासमोर दिला काय. मी म्हटलं, आठवत न्हाय." त्यांनी केसांतला चष्मा काढून हातात घेतला. "मला आठवत होतं."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्याला काढलं. निकाल अडवला. दुसऱ्या दिवशी त्यो खोलीची किल्ली द्यायला आला. म्हणाला, आक्का, तुम्ही होतासा की तिथं. रागानं न्हाय म्हणाला. मी इसरलो आसंन, आठवण करून द्यावी, तसं म्हणाला. मी किल्ली घेतली. बस म्हटलं न्हाय. त्यो तिथनं कोल्हापूरच्या गाडीत बसला म्हणतात. त्यानंतर त्याला कुणी बघितलं न्हाय. घरी पण गेला न्हाय. दोन वर्षांनी जुन्या मशीनी काढल्या तवा ती मार्कांची फाईल मला सापडली. ज्या दिवशी ती बदलली, त्या दिवशी दीपक बहिणीच्या लग्नाला निपाणीला होता. मी तवाच्या प्राचार्यांना दाखवलं. ते म्हणाले, सर रिटायर झाले, पोरगा गेला, आता उकरून काय करायचं. मी परत गप्प बसलो. हे सगळं मी लिहून आणलंय." त्यांनी पर्समधून घडी घातलेले चार कागद काढून टेबलावर ठेवले आणि मग माझ्याकडं वळल्या. "आता तू बोल. तुला जे आठवतंय ते."

मी बोलले. सर गेले होते, आम्ही बाहेर उभे होतो, समोरच्या फळ्यावरची सूचना महेशनं मला वाचून दाखवली होती, ती कसली होती तेही सांगितलं.  धाडस असं त्यात काही नव्हतं. आक्कांनी जे बोलून दाखवलं त्यानंतर 'आठवत नाही' हे वाक्य उच्चारणं मला शक्यच नव्हतं.

महेश सुटला. पेपर सरांच्या मशीनमधून गेलाच नव्हता. त्यांनी स्वतः तो छपाईला पाठवला होता आणि तिथून तो फुटला, हे आठवड्याभरात उघड झालं. महेशची कुणी माफी मागितली नाही, पण त्याचं नाव कागदावरून निघालं.

त्या दिवशी बाहेर आल्यावर आक्का जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायचा प्रयत्न चालला होता आणि बोटांना ती सापडत नव्हती. मी खाली बसून बांधली.

"मला वाटलतं," त्या म्हणाल्या, "बोललो की हलकं वाटंल. वाटत न्हाय गं. आता नुसतं सगळ्यांना म्हाईत झालं, एवढंच."

पुढं कॉलेजनं दीपकवरची कारवाई मागं घेतली. तसं पत्र निघालं आणि अडवलेली गुणपत्रिका स्वतः येऊन घेऊन जावी असं त्यात लिहिलं होतं. टपालानं पाठवायचं ते पत्र आक्कांनी हातात मागून घेतलं. रविवारी निपाणीला जाताना त्यांनी मला बरोबर नेलं.  महामार्ग सोडून गाडी गावात शिरली, उघड्या खिडकीतून तंबाखूचा वास आला, तेव्हा म्हणाल्या, "त्याची आई चांगली हाय. मला कधी काय बोलली न्हाय. तेच जड जातंय."

तानूबाई, दीपकची आई, एका अरुंद बोळातल्या दोन खोल्यांत राहायच्या. दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि वळलेल्या विड्यांची रास. बहीण लग्न होऊन गेली, वडील दीपक शाळेत असतानाच वारलेले. आक्का दर महिन्याला इथं येत होत्या, सात वर्षं, हे मला तिथं कळलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तानूबाईंना सगळं सांगितलं होतं. तानूबाई ऐकत विड्या वळत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या होत्या, "जेवलासा काय?"

आक्कांनी पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. सावकाश, दोनदा. तानूबाईंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला.

"ह्यात त्यो कुठं हाय, ते लिवलंय काय?"

"न्हाय," आक्का म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ दे." त्यांनी पत्र घडी करून सुपाखाली सरकवलं. "त्यो यील. तवा तुमच्या तोंडानं त्येला सांगा. मला सांगून काय उपेग, मला तर तवाच म्हाईत होतं की त्यो तसला न्हाय."

परतीच्या गाडीत आक्कांनी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत काढला. संकेश्वरच्या थांब्यावर एक पाठमोरा माणूस पिशवी घेऊन उतरत होता, तेव्हा त्या अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. मी काही पाहिलं नाही असं केलं.

आक्कांना कॉलेजनं शिक्षा केली असं म्हणता येणार नाही. त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. संगणक कक्ष एका खासगी कंपनीकडं गेला, जुना फोन काढला. त्या वहीतले नियम इंग्रजीत, छापील, कॉलेजच्या शिक्क्यासह सगळ्या विभागांत लावले गेले. ते वाचणाऱ्याला वाटेल की एखाद्या समितीनं बसून केले असतील. वर्षभरानं आक्कांनी स्वेच्छेनं निवृत्ती घेतली. निरोपाला आम्ही जुनी पोरं गेलो होतो. उपप्राचार्य सरांनी भाषण केलं आणि चांगलं केलं. आक्का समोरच्या रांगेत बसून ऐकत होत्या, पण लक्ष दाराकडं होतं.

त्यानंतर मी नोकरीला लागले, लग्न झालं, भेटी कमी झाल्या. तानूबाई वारल्याचं महेशकडून कळलं. त्यानंच सांगितलं की आक्का शहापूरचं घर सोडून निपाणीला राहायला गेल्या आहेत, त्याच दोन खोल्यांत. भाऊ भांडला, भाची रडली, पण आक्का म्हणाल्या, "त्यो आला आन् घराला कुलूप बघून परत गेला तर?" 

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. बाबांनी शेतातल्या तांदळाचं लहान पोतं दिलं होतं, आक्कांसाठी म्हणून आठवणीनं. निपाणीच्या बसस्टँडवरून रिक्षा केली. बोळात रिक्षा जात नव्हती, म्हणून रिक्षावाल्यानं पोतं खांद्यावर घेतलं आणि माझ्या पुढं चालायला लागला. चाळिशीकडं आलेला, सडपातळ, शांत माणूस. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन इतकं होतं की बोळात कुणी नव्हतं.

दार सताड उघडं होतं. आक्का आतल्या अंगाला भिंतीशी बसल्या होत्या, मांडीवर सूप. विड्या वळायला त्या केव्हा शिकल्या कोण जाणे. केस पूर्ण पांढरे झाले होते. रिक्षावाला उंबऱ्यावर जाऊन थांबला. मागून ऊन, त्यामुळं आतून त्याचा चेहरा दिसला नसणार, नुसती आकृती दिसली असेल, खांद्यावर ओझं घेतलेली.

आक्का उठल्या. सूप मांडीवरून कलंडलं, पानं सगळीकडं पसरली, त्यांना ते कळलं नाही. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, पदर नीट केला.

"आलास?" त्या म्हणाल्या.

"व्हय आक्का, आलो की," रिक्षावाला म्हणाला. आमच्याकडचा कुठलाही माणूस असंच म्हणाला असता. "कुठं ठेवू?"

 आक्कांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, काहीतरी फार दिवस पाठ केलेलं सांगायला सुरुवात करावी तसं. मी दोन पावलं मागं होते, पुढं व्हायला हवं होतं, पण पाय उचलला नाही.

तो आत गेला, पोतं भिंतीशी टेकवलं आणि वाकून उभा राहिला. तेव्हा खिडकीतला उजेड त्याच्या तोंडावर पडला. आक्कांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. तो दीपक नव्हता.

"पाणी पी," त्या म्हणाल्या, आणि त्याला तांब्या भरून दिला. तो उभ्यानंच प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि मला मान हलवून बोळानं निघून गेला. थोड्या वेळानं रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला.

मग त्यांना मी दिसले. "वैशाली व्हय गं? ये, आत ये. ऊन लई हाय." असं म्हणून त्या खाली बसल्या आणि जमिनीवरची पानं एकेक करून गोळा करायला लागल्या.